भोगीचं लोणी, आक्काचं नाक

संक्रांतीला आठवडा उरला की बेळगावातल्या आमच्या वडगावात सकाळी धुकं उतरतं आणि भाजीच्या गाड्या अचानक हिरव्या होतात. हरभऱ्याचे डहाळे, पावटा, मटार, पाल्यासकट गाजरं, बोटाएवढी वांगी, उसाची कांडकी. गाडीवाला मराठीत ओरडतो, शेजारणीशी कन्नडात हुज्जत घालतो आणि माझी पाळी आली की हिंदीवर येतो. माझ्या तोंडावर कुठली भाषा लिहिली आहे हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी दर वेळी मराठीतच उत्तर देते आणि तो दर वेळी 'हां भाभी' म्हणतो. आता आम्हा दोघांनाही त्याची सवय झाली आहे.

गावी जायला रजा मिळत नाही त्या वर्षी मी पिशवी भरून घरी येते. बाजरी दळून झालेली असते, तीळ निवडलेले असतात. राहतं ते लोणी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळ्या शेंगा-वांग्यांची मिसळलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीवर लोण्याचा गोळा, एवढं पानात पडलं की भोगी झाली. हल्ली यातलं सगळं तयार मिळतं. लोणीही मिळतं, चौकोनी, कागदात गुंडाळलेलं. पण भोगीला ते आणायचं म्हटलं की माझी मलाच लाज वाटते. मग मी फ्रीजमधून सायीचा डबा काढते, त्याला आदल्या रात्री विरजण लावते आणि सकाळी मिक्सरचं भांडं पुढ्यात घेते. दोन मिनिटं घरघर, वर गार पाणी, की लोणी हजर. तक्रारीला जागा नाही. तरी दर वेळी मनात येतं, ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे.

आक्का तर मिक्सरच्या लोण्याला लोणीच म्हणत नाही. "त्ये लोणी येत न्हाई गं, धरून आणत्यात त्येला," असं तिचं मत.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. निपाणीजवळच्या आमच्या गावात ती आणि माझे थोरले दीर शेती बघतात. दिरांना सगळं घर आप्पा म्हणतं, म्हणून मीही. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे त्या घरात सासूचा मान आणि सासूचा वचक दोन्ही आक्काकडेच. वचक फारसा तिला जमला नाही. मान मात्र तिनं घेतला, आणि तो तिच्या नाकामुळे.

मी विणकराची मुलगी. इथल्याच वडगावच्या गल्लीत वडिलांचे चार माग होते आणि त्यांच्या खडखडाटात मी वाढले. दूध आमच्याकडे पिशवीतून यायचं आणि लोणी बहुधा गोष्टीतच. नवरा तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला, शिकायला बेळगावला आलेला. कॉलेजात ओळख झाली आणि पुढं जे व्हायचं ते झालं. दोन्हीकडची माणसं काही महिने एकमेकांशी धड बोलत नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा दारात निम्मी गल्ली जमलेली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आक्कानं पुढं होऊन माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं, बांगड्या बघतेय. तिनं तो हात सरळ नाकाशी नेला आणि हुंगला.

"खळीचा वास हाय गं तुझ्या हाताला," ती म्हणाली. सुताला लावायची ती खळ. घर सोडून चार दिवस झाले होते, मेंदी लागली होती, हळद लागली होती, तरी तिला खळ सापडली.

मी कानकोंडी झाले. मागं कुणीतरी खुसखुसलं. आक्कानं तळहात उलटा करून परत एकदा हुंगला. "तंबाखूचा तर न्हाई? मग झालं. ये आत." असा माझा गृहप्रवेश झाला.

त्या हुंगण्यामागचं कारण मला दोन दिवसांनी कळलं. तंबाखूच्या पानाला चिकट डिंकासारखं काही असतं. शेतात दिवसभर पानं हाताळली की तळव्याला काळा थर बसतो आणि वास कातडीत मुरतो. चिंच चोळा, राख लावा, तो लगेच जात नाही. आणि लोण्याची खोड अशी, की ते शेजारच्याचा वास ओढून घेतं. कांद्याजवळ ठेवलं की कांद्याचं होतं, तंबाखूच्या हातानं शिवलं की तंबाखूचं. म्हणून आमच्या गावातल्या घरांत एक रीत आहे. ताकाच्या डेऱ्याजवळ जाण्याआधी हात दाखवायचे. दाखवायचे म्हणजे हुंगू द्यायचे. आक्काच्या नाकाखालून गेल्याशिवाय लोण्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आप्पांचीही नाही. ते तर तंबाखू नुसती पिकवत नसत, गालातही ठेवत. त्यांना त्या कोपऱ्यात कायमची बंदी होती.

"हिचं नाक पोलिसात द्या," आप्पा म्हणायचे. "कुत्री पोसायचा खर्च वाचंल सरकारचा."

"तुमचा गाल द्या की त्येंच्याकडं. पुरावा म्हणून ठेवत्याल," आक्का म्हणायची.

ते नाक खरोखरच अजब होतं. दुधाची चरवी उघडली की म्हैस आज कुठल्या बांधाला चरली ते सांगायचं. पीठ किती दिवसांचं, शेंगदाणा खवट होणार आहे का, विरजण लागलं की नुसतंच आंबट झालं, हे सगळं झाकण न काढता. एकदा मी तोंडाला एक क्रीम लावून गेले होते, महागातलं, गुलाबाचं. आक्का उंबऱ्यातूनच म्हणाली, "नंदा, आज ताकापासनं लांब बस. देव्हाऱ्यावानी वास मारतीयास."

त्या पहिल्या थंडीत मला नोकरी नव्हती, त्यामुळे पौष महिना मी गावातच काढला. आता विचार केला तर वाटतं, माझं खरं लग्न त्या महिन्यात लागलं. पहाटेचं गार पाणी, चुलीसमोरची एवढीशी ऊब, आणि आक्का डेऱ्यापाशी बसलेली. रवीला दोरी गुंडाळलेली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या... नाही, दोन्ही तिच्याच हातात. माझं काम नुसतं बघायचं आणि मधेमधे कोमट पाणी घालायचं. थंडीत लोणी रुसतं. कितीही घुसळा, वर येत नाही. मग त्याला थोडं ऊन पाणी दाखवून समजूत काढावी लागते. उन्हाळ्यात याच्या उलट. पाणी किती ऊन, तर करंगळीला बरं वाटेल एवढं. त्याहून जास्त झालं तर लोणी वितळून ताकात हरवतं, हे मी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं करून शिकले. आक्का रागावली नाही. सगळ्या घराला त्या दिवशी दाट ताक मिळालं आणि आप्पांनी दोन तांबे प्यायलं.

पहिला आठवडा मी तिला अहो-जाहो करत होते. दोरी हातात मिळाली त्या सकाळी ते कधी गळून पडलं कळलंच नाही.

दोरी ओढायला लागले आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ताक घुसळताना सुरुवातीला पातळ, भरभर आवाज येतो. लोणी जमायला लागलं की तो आवाज जड होतो, पाय ओढत चालल्यासारखा. मी मागांच्या घरातली. तिथं कुणी सारखं धाग्याकडे बघत बसत नाही, कान मागावर असतो. चार माग चालू असताना एकाचा धागा तुटला की आवाजात बारीकशी ठेच लागते आणि वडील पाठ न वळवता म्हणायचे, "तिसऱ्याचा गेला बघ." तसंच मला इथं झालं. मी म्हणाले, "आक्का, आवाज बदलला. लोणी आलं."

तिनं वाकून वास घेतला. "आलंय," ती म्हणाली. मग हसली. "पर आवाज काय ऐकतीस? लोणी काय हाका मारतंय? नाक कशाला दिलंय देवानं?"

तिच्या घरात नाकाचं राज्य होतं, कानाला कोण विचारतो.

मग ती हात धुऊन, पुन्हा हुंगून, डेऱ्यात दोन्ही हात घालायची आणि कणी कणी गोळा करून पांढरा गोळा वर काढायची. गार पाण्यात तीनदा धुवायची. पहिला बोटभर गोळा देवापुढं, दुसरा माझ्या भाकरीवर. मला तिनं कधी तोंडानं 'तू आमची' असं म्हटलं नाही. त्या घरात मला परकं वाटायचं बंद झालं ते त्या दुसऱ्या गोळ्यानं, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

लोणी कढवताना तर तिचा सोहळा असायचा. मंद आच, हलवायचं नाही, बोलायचं नाही. फेस येतो, बसतो, तळाशी बेरी धरायला लागते. शेवटी एक विड्याचं पान टाकायचं. त्या वेळी ती डोळे मिटून मान थोडी वर करायची आणि एका क्षणी म्हणायची, "उतरीव." आधी उतरवलं तर तूप कच्चं, नंतर उतरवलं तर करपट. मधला जो एक श्वासाचा वेळ, तो फक्त तिला माहीत. पातेल्यातली बेरी गुळासोबत खायला आम्ही टपून बसायचो, मी सुद्धा, चांगली लग्न झालेली बाई.

मग तो ताप आला. सगळ्या जगाला आला तसा आमच्या घरालाही आला. बेळगावात आम्ही तिघं, गावात ते दोघं. पंधरा दिवस चहाला चव नव्हती, साबणाला वास नव्हता. हळूहळू आमचं परत आलं. फोनवर विचारलं तर आक्का म्हणाली, "आलं की माझं बी. नाक हाय ते, जातंय कुठं?" आम्ही विश्वास ठेवला. तिच्या नाकाबद्दल शंका घ्यायची म्हणजे म्हसोबाबद्दल शंका घेण्यासारखं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या भोगीची ही गोष्ट. आम्ही सकाळीच निघालो. हायवेला लागेपर्यंत धुकं, मग ऊन. गाडीत बसून मी चटणीसाठी लसूण सोलत होते, कारण भोगीला आक्का स्वयंपाकात मला एवढंच स्वातंत्र्य देते. दारात पोचलो. तिनं नेहमीसारखा माझा हात नाकाशी नेला. "साबणाचा वास येतोय," म्हणाली आणि आत घेतलं. मला हसू आलं. हाताला लसणाचा असा दर्प होता की नवऱ्यानं गाडीची काच उघडी ठेवली होती. वाटलं, थट्टा करतेय.

घरात थोडी अडचण होती. नवी तंबाखू निघायच्या आधी शेडचे पत्रे बदलायला काढले होते आणि मागच्या हंगामातली उरलेली पोती चार दिवसांसाठी मधल्या खोलीत रचली होती. त्याच खोलीत, फळीवर, लोण्याचं मडकं असतं. आक्का लोणी फ्रीजमध्ये ठेवत नाही. तिथं कांदा असतो, उरलेली आमटी असते, तिथं लोण्याची अब्रू राहत नाही असं ती म्हणते. एरवी पोतं उंबऱ्यात आलं असतं तरी ती मडकं उचलून पळाली असती. या वेळी मडकं जागचं हललं नव्हतं. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. याची मला अजून चुटपुट लागते.

पानं मांडली. आप्पा, नवरा आणि माझी दहा वर्षांची लेक जेवायला बसले. मी भाकरी वाढत होते, आक्का लोणी. गोळा ठेवून ती बाजूला झाली नाही. तिघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आप्पांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा मधेच थांबला. नवऱ्यानं घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कसं झालंय?" आक्कानं विचारलं.

"झ्याक," आप्पा म्हणाले आणि घास गिळला.

"नेहमीसारखंच," नवरा म्हणाला.

लेकीनं बापाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, आणि तीही म्हणाली, "छान आहे आक्का." मुलं किती पटकन शिकतात.

मी चमच्याला लागलेलं लोणी बोटावर घेतलं. जिभेवर ठेवण्याआधीच कळलं. पोतं फोडल्यासारखा तंबाखूचा वास, आणि मागून घशात खवखव. आक्का मात्र निवांत झाली होती. तिघांची तोंडं तिनं वाचली होती आणि तिचं काम झालं होतं. आता ती ओट्यावर पाच वाट्या भरायला लागली. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे म्हैस नाही अशा पाच घरांत भोगीचं लोणी आमच्याकडून जातं. तिच्या लोण्याची वाट बघतात लोक. त्या वर्षी त्यातल्या एका घरात सव्वा महिन्याची बाळंतीण होती. तिची वाटी आक्कानं सगळ्यांत मोठी घेतली होती.

मी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, म्हणजे 'गप्प राहा'. माझा संताप झाला. चांगुलपणाच्या नावाखाली लोक काय काय करायला लावतात. आक्कानं पदर खोचला, परातीत वाट्या ठेवल्या, आणि मी तिच्या वाटेत उभी राहिले.

"आक्का, थांब. लोण्याला तंबाखूचा वास लागलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परात खाली ठेवली.

"न्हाई गं, एवढं काय न्हाई," आप्पा घाईनं म्हणाले. "तंबाखूवाल्याचं घर हाय, थोडा वास मारायचाच."

आक्का त्यांच्याकडे वळली. "तुमी झ्याक म्हणालासा."

आप्पांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या तापानंतर मला कसलाच वास येत न्हाई. दुधाचा न्हाई, मातीचा न्हाई, धुराचा न्हाई. लोणी काढायचं, वाढायचं आणि तुमच्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हायचं. तोंडावर कळायचं मला, बरं झालंय का बिघडलंय. त्यावर चाललंतं माझं. आज तुमी तोंडं बी झाकून घेतलासा."

ती आमच्यापासून ताकाला जाऊन भांडं लपवत होती आणि आम्ही तिच्यापासून. दोन वर्षं ती माझा हात नाकाशी नेत होती आणि तिथं काहीच नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मला रडू आलं. तिला आलं नाही.

तिनं वाट्या रिकाम्या केल्या आणि पदर सावरून बाहेर गेली. अर्ध्या तासानं परत आली.

"कुठं गेलतीस?" आप्पांनी विचारलं.

"सांगून आले पाची घरांत. औंदा लोणी न्हाई. माझं नाक गेलंय."

ते लोणी वाया गेलं नाही. आक्काच्या घरात काही वाया जात नाही. त्या थंडीत माणसांच्या टाचांना ते लागलं, आणि घरात कुणाची टाच फुटली नाही. पण दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, तिनं रवीची दोरी सोडली, रवी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बाळू, पुढल्या खेपेला मिक्सर घिऊन ये." तिळगूळ देताना ती हसली, सगळ्यांशी बोलली. तरी घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं होतं.

मी रजा वाढवली. ऑफिसला काहीतरी कारण सांगितलं.

म्हशीला यातलं काही माहीत नव्हतं. ती दोन वेळा दूध देत राहिली. चौथ्या दिवशी दह्याचं भांडं काठोकाठ आलं. मी माळ्यावर चढले, रवी काढली, दोरी गुंडाळली आणि बसले. आक्का उंबऱ्यात माझ्याकडे पाठ करून पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी एकटीच ओढत राहिले. पातळ आवाज, भरभर. कोमट पाणी घातलं. खांदे भरून आले. आणि मग तो आवाज जड झाला, पाय ओढायला लागला. मी थांबायच्या आत उंबऱ्यातून शब्द आले.

"आलं न्हवं?"

तिची पाठ माझ्याकडेच होती. मी म्हणाले, "तुला कसं कळलं?"

ती सोलता सोलता थांबली. तिलाच कळलं नव्हतं, कसं कळलं ते.

ती उठून आली. सवयीनं डेऱ्यात हात घालायला वाकली आणि मधेच थांबली. मग तिनं दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरले. "हुंग," म्हणाली. "खरं सांग."

तिच्या हातांना शेंगांचा वास होता, राखेचा होता. पण खाली, कातडीत, ती पोती शेडमध्ये परत हलवल्याचा वास होता. मी म्हणाले, "तंबाखू येतेय आक्का."

ती मोरीवर गेली, चिंच चोळून आली. मी हुंगलं. "अजून आहे." ती परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तळवे लाल झाले होते. "आता ये," मी म्हणाले. तिनं डेऱ्यात हात घातले आणि गोळा वर काढला. पहिला देवापुढं, दुसरा माझ्या हातावर. कधी नव्हे ती माझ्या तोंडाकडे न बघता.

त्याच दुपारी कढवायला घेतलं. मी तिला वडिलांच्या मागांचं सांगितलं, पाठ न वळवता तुटलेला धागा ओळखायचं. ती चुलीजवळ सरकली, कान पातेल्याकडे करून बसली. आधी गदगद. मग तडतड, दाट. मग तडतड विरळ होत गेली, पाऊस उघडताना पत्र्यावर होते तशी. "आता दोन थेंबांत अंतर पडतंय," ती पुटपुटली. पान टाकलं, ते चुरचुरलं आणि गप्प झालं. त्याच्यामागून सगळंच गप्प झालं. मी श्वास घेतला. वास आला होता, अगदी मधला, तो एका श्वासाचा. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "उतरीव."

मी उतरवलं आणि तिला सांगितलं, बरोबर होतं. तेव्हापासून आमचा करार आहे. कान तिचा, नाक माझं, आणि खोटं कुणी बोलायचं नाही. पाच घरांत लोणी परत जायला लागलं. वाट्या मात्र आता नाकाखालून जातात ते गल्लीतल्या एका सुनेच्या. आक्कानं तिला मुद्दाम नेमलंय. कारण काय, तर ती भांडखोर आहे. "त्वांडावर बोलती. कामाची हाय."

या वर्षी मला रजा मिळाली नाही. त्या करारानंतरची पहिलीच भोगी गावाबाहेरची. आदल्या दिवशी संध्याकाळी मिक्सरचं लोणी काढून मी गॅसवर थोडं कढवायला ठेवलं आणि लेकीला फोन लावायला सांगितलं. ती आता फोन पातेल्याजवळ धरण्यात पटाईत झाली आहे. पलीकडे आक्का, निपाणीजवळच्या आपल्या स्वयंपाकघरात, बहुधा डोळे मिटून.

"धरून आणलेलं हाय न्हवं?" तिनं आधी विचारून घेतलं.

"हो. मिक्सरचं."

"असूं दे. कढताना सारखंच बोलतंय."

गदगद झाली. तडतड सुरू झाली. "आच बारीक कर," फोनमधून आलं. मग बराच वेळ काही नाही. "पान टाक." मी टाकलं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. शेजारीण तीळ मागायला आली होती. मी गेले, दोन शब्द बोलले, आले. फोनमधून आक्का ओरडत होती, "उतरीव, उतरीव की गं!" आणि लेक एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं चिमटा शोधत होती.

मी पातेलं उतरवलं. तूप दिसायला सुरेख होतं, खाली बेरी जरा काळी. घरभर वास पसरला होता.

"कसा येतोय गं?" आक्कानं विचारलं. हे ती दर वेळी विचारते. मी तिला सांगायचं असतं, सावकाश, एकेक करून, म्हणजे ती तिकडे बसून तो वास घेते.

'झ्याक' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. भोगीची आदली संध्याकाळ, ती तिकडे, मी इकडे, काय बिघडलं असतं? लेक माझ्याकडे बघत होती.

"करपलं आक्का," मी म्हणाले. "फार नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या थोडं पलीकडे गेलंय. त्याच्यावर पानाचा वास, आणि तळाला गुळाचा पाक लागल्यासारखा कडवट."

पलीकडून तिनं लांब श्वास आत घेतल्याचा आवाज आला, हात हुंगताना घ्यायची तसा.

"व्हय," आक्का म्हणाली. "आला मला."